पासलीच्या खोलीतला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प

आधीच सांगतो — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथे लोक लिहितात, पैंजण ऐकू आले, सावली दिसली... मी ते वाचून हसणारा माणूस. भोरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो. आवाज कुठून येतो, का येतो, हे शोधण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे "रेडिओ पकडला असेल" अशी कमेंट टाकायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. आणि "छान स्टोरी" म्हणणाऱ्यांनी तर काही लिहूच नये. ही स्टोरी नाही. माझ्या सख्ख्या भावाची चार बोटं गेलीयत यात.

आमचं गाव पासली. वेल्ह्याच्या पुढं, डोंगरात. तिथे आमची भाताची गिरणी आहे, ती दादा चालवतो. गिरणीला लागून एक खोली, ती वाटणीत माझ्याकडे आलेली. मी गिटार वाजवतो. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मी गिटारचा आवाज मोठा करणारा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतला होता — जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, तापल्या की आतून नारिंगी दिसतात. आवाज गोड, पण मागे घरघर भयंकर. भोरच्या फ्लॅटमध्ये लावला की खालचे काका दार बडवायचे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तो पासलीला नेला आणि खोलीत टेबल मांडून उघडला.

दादाला ते अजिबात आवडलं नाही. सुगीचे दिवस, गिरणीत पोती ठेवायला जागा नाही, आणि मी खोली अडवून बसलेलो.

"आमी हितं दिसभर कोंडा खातोय, आन् तू डबं वाजीव," तो म्हणायचा.

"खोली माझी आहे," मी म्हणायचो.

आमच्यात बोलणं म्हणून एवढंच उरलेलं. जेवायला बसलो की वहिनी मध्ये बसायच्या.

अ‍ॅम्पचं काम मात्र मनासारखं झालं. जुने फुगलेले कपॅसिटर काढून नवे घातले. अर्थिंगच्या तारा एका जागी आणल्या. रेडिओ पकडू नये म्हणून पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशीच रेझिस्टर टाकला — हो, ते मी केलं होतं. घरघर पार गेली. गिटार लावून पहिली तार छेडली आणि मी एकटाच खोलीत हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. अ‍ॅम्प तापत ठेवला होता, गिटार पिशवीत. गिरणी बंद, दादा जेवायला घरी गेलेला. आणि स्पीकरमधून आवाज आला —

"ह्यो डबा वढ्यात टाकतो का न्हाई बघ."

दादाचा आवाज. कोंड्यानं बसलेला घसा, शेवटी ते खाकरणं. मला वाटलं खिडकीशी उभा आहे. दार उघडलं तर बाहेर कोंबड्यांशिवाय कोणी नाही. तसाच घरी गेलो. दादा ताक पीत बसला होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवून तो गिरणीवर आला. मशीन चालू करायच्या आधी माझ्या दारात थांबला आणि म्हणाला, "ह्यो डबा वढ्यात टाकतो का न्हाई बघ." मग खाकरला.

मी डोकं खाजवत बसलो. मोबाईल बंद करून पाहिला. स्पीकरची वायर बदलली. शेवटी पहिला व्हॉल्व्हच उपटून काढला. ज्यांना यातलं कळतं त्यांना सांगतो — तो काढला की पुढे सिग्नल जायला रस्ताच उरत नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला. या वेळी वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"नगं म्हनलं ना मला जेवान!" — आणि मागोमाग ताट आपटल्याचा आवाज.

वहिनींच्या हातातला कप कलंडला. "भावजी... ह्ये तर घरी हायेत. झोपलेत." त्यांनी अ‍ॅम्पकडे बोट दाखवलं. "तुमी त्यांचं बोलणं भरून ठेवता का ह्यात?"

"नाही हो वहिनी. भरून ठेवायची सोयच नाही यात."

संध्याकाळी पोत्यांवरून आमचं पुन्हा वाजलं. दादानं समोरचं ताट भिंतीवर फेकलं. वाक्य तेच. वहिनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. त्यानंतर त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. चहा घ्यायला मला घरी बोलवायच्या.

एक सांगायला हवं. चांगलं बोलणं त्या अ‍ॅम्पमधून एकदाही आलं नाही. घरात कोणी हसलं, पोरांना हाक मारली, देवाचं काही म्हटलं — त्यातलं काही नाही. फक्त भांडण. जणू तेवढंच त्याला ऐकू यायचं.

मग एके दिवशी सकाळी माझाच आवाज आला.

स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकायची मला सवय आहे. तो माझाच होता, पण फाटलेला. "दादा, हात काढ!" आणि त्यावर वहिनींची किंकाळी.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पहिला विचार आला तो अ‍ॅम्पचाच. स्विच बंद केला तरी या कपॅसिटरमध्ये माणूस मारण्याइतकं व्होल्टेज साठून राहतं. दादा एक दिवस रागानं येणार, डबा उचलायला उघड्या बाजूनं हात घालणार... मी प्लग काढला. रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले, मीटरनं तपासले. व्हॉल्व्ह काढून कापडात गुंडाळले. खोलीला कुलूप लावलं आणि दादाला जाऊन सांगितलं, "खोलीत शिरू नको. अ‍ॅम्पला हात लावू नको. जीव जाईल."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धमकी देतोस व्हय रं मला? माज्या गिरणीत उभा राहून?"

"दादा, तसं नाही—"

"चल नीघ हितनं."

दुसऱ्या दिवशी मी भोरला परत निघालो होतो. बॅग गाडीला बांधत होतो. गिरणी चालू होती, दार सताड उघडं. मशीनचा पट्टा घसरत असणार, कारण दादा चालू मोटरवरच पट्ट्याला पकड यावी म्हणून राळ लावत होता. तो कायमच तशी लावायचा. वडीलही तशीच लावायचे. वहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या.

मला त्याचा हात दिसला. पुलीकडे सरकणारा. फार जवळ होता की मला तसं वाटलं, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी ओरडलो —

"दादा, हात काढ!"

दादानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि बघता बघता हात आत गेला. वहिनी किंचाळल्या. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. गावातल्या एकाच्या जीपमधून त्याला खाली दवाखान्यात नेलं. वाटेत तो नुसता माझ्याकडे बघत होता. बोटं वाचली नाहीत. अंगठा तेवढा राहिला.

शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलला ते हे — "रोज लावतो राळ मी. कदी काय झालं न्हाई. तू वरडलास म्हनून मी मागं बघितलं."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

अ‍ॅम्प भोरला आणला. सगळा पुन्हा तपासला. पुण्यात व्हॉल्व्हची कामं करणाऱ्या एका जाणत्या माणसाला दाखवला. तो म्हणाला, काम स्वच्छ केलंय, दोष काही नाही. त्यातून पुन्हा कधी कुणाचा आवाज आला नाही. पण भोरच्या घरात भांडणच होत नाही, त्यामुळे यावरून काय ठरवायचं?

अ‍ॅम्पमधून आधीच माझा आवाज आल्याचं मी वहिनींना दवाखान्यातच सांगितलं होतं. मध्यंतरी त्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली केला.

"भावजी, एक इचारू? तुमी वरडनार हुता म्हनून त्यात तसं आलं... का त्यात आलं म्हनून तुमी वरडलात?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, वहिनी."

"मी ह्यास्नी समदं सांगितलं. ह्ये बी रोज त्येच इचारत्यात," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.