अणदूर-नळदुर्गची सामाईक शेरवानी

आमच्या घराण्यातनं कॉलेजात पहिल्यांदा गेली ती एक काळी शेरवानी. तिला न्यायला माणसं लागतात म्हणून मी आणि माझा आत्तेभाऊ खंडू गेलो.

त्याचं असं झालं. मी अणदूरचा, खंडू नळदुर्गचा. दोघंही एकाच वर्षी मॅट्रिक झालो आणि हे कसं काय झालं, याचा दोन्ही गावांना अजून उलगडा झालेला नाही. आबांनी (म्हणजे माझ्या वडलांनी, खंडूच्या मामांनी) जाहीर केलं की पोरं हैदराबादला कॉलेजात जाणार. राज्य निजामाचं, तालीम उर्दूत, आणि कॉलेजचा दंडक असा की अंगात शेरवानी नसेल तर वर्गात पाऊल टाकायचं नाही. त्यात दिवस लढाईचे. कापड कंट्रोलात. आबांनी ओळखीपाळखी काढून, कुणाकुणाच्या पाया पडून जे काळं कापड मिळवलं, ते एका शेरवानीपुरतं भरलं.

"माझ्या खंडूची शिव," आत्या म्हणाली.

"अन् माझा मार्तंड काय उघडा जाईल व्हय?" आई म्हणाली.

झालं, नणंद-भावजयीचं बोलणं बंद. शेवटी आबांनी दोघींना समोर बसवलं.

"आपला खंडोबा किती?"

"एक."

"देवळं किती?"

"दोन. एक हितं अणदूरला, एक तितं नळदुर्गाला."

"देव काही म्हैने हितं ऱ्हातो, मग पालखीत बसून तिकडं जातो. आजवर कुणाचं अडलंय का? देवाला जमतंय, मग शेरवानीला काय धाड भरली?"

कापड नळदुर्गच्या महबूबचाचांकडं गेलं. चाचा चांगले कारागीर, पण त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं (मी ताडासारखा उंच, अंगावर मांस नाही), मग खंडूकडं पाहिलं (तो बुटका, आणि आत्याच्या हातचं लोणी मानवलेला), आणि टेप गळ्यात तशीच लोंबत ठेवून विचारलं, "आबासाब, लंबाई किसकी रखूं?"

"उंच पोराची."

"और घेर?"

"जाड्याचा. उगं कुणाची तक्रार नको."

तक्रार दोघांचीही राहिली. मी ती घातली की आत आणखी एक माणूस राहू शकेल अशी जागा उरायची. खंडूनं घातली की पुढचा घोळ दोन्ही हातांनी उचलून चालावं लागायचं, नव्या नवरीसारखं.

निघताना आबांनी फार उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "मन लावून शिका. ज्याला कालिज हाकलून देईल त्यानं खुशाल घरी यावं. मेंढरं वाट बघत्यात."

ही धमकी खरी होती. आमच्या घरी मोठा कळप होता, आणि मेंढरं मला जन्मात कधी जुमानत नव्हती. मी डावीकडं हाकलली की ती उजवीकडच्या कुणाच्या तरी जोंधळ्यात शिरायची आणि शिव्या मला बसायच्या. म्हणून काही झालं तरी हॉस्टेलातली जागा सोडायची नाही, अशी मी मोटारीत बसल्या बसल्या शपथ घेतली. खंडूनंही घेतली. त्याला मेंढरांचं भय नव्हतं, पण त्याला डॉक्टर व्हायचं होतं.

हैदराबादला आम्ही वाटणी केली. मी इतिहास वगैरे घेतला, त्याचे तास सकाळी. खंडूनं सायन्स घेतलं, त्याचे तास दुपारी. माझा शेवटचा तास संपला की मी हॉस्टेलकडं पळत सुटायचो, खोलीत खंडू हात पसरून उभा असायचा, आणि शेरवानी अणदूरहून नळदुर्गला रवाना व्हायची. एवढ्यावर भागलं असतं. पण खंडू भाविक. पहिल्याच दिवशी त्यानं शेरवानी अंगात घालायच्या आधी कनवटीची पुरचुंडी सोडली.

"हे काय रं?"

"भंडारा. देव हद्दीतनं हद्दीत जाताना भंडारा उधळत न्हाईत का?"

"अरं, ही शेरवानी हाय. देव न्हाय."

"मामांनीच तसं ठरवलंय," खंडू म्हणाला आणि चिमूटभर हळद त्यानं शेरवानीवर उधळली. वर 'येळकोट येळकोट जय मल्हार' असं दणकून म्हणाला. शेजारच्या खोलीतनं करीमभाई धावत आले. ते आम्हाला दोन वर्षं पुढं, खास हैदराबादी, अत्तर लावणारे. त्यांना वाटलं कुठं आग लागली.

"क्या हुआ मियाँ?"

"कुछ नहीं," मी म्हणालो, "कोट बदल रहे हैं."

करीमभाई हळदीनं शिंकत परत गेले. पण माणूस दिलदार. पुढं त्यांनीच आम्हाला वागणूक शिकवायचं मनावर घेतलं.

हे रोज चालू झालं. काळ्या कापडावर हळद कितीही झटकली तरी शिवणीत राहायचीच. शिवाय दुपारभर शेरवानी खंडूच्या प्रयोगशाळेत राबायची आणि संध्याकाळी सडक्या अंड्यांचा वास घेऊन परत यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वास आणि ती हळद घेऊन मी वर्गात. हैदराबादची पोरं फार अदबशीर. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही. नुसती "माफ कीजिए" म्हणून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायची. पहिले काही महिने माझ्या बाकावर मी एकटाच होतो. मला वाटायचं, ही मला मोठ्या घरचा समजून मान देतायत.

अशात एक दिवस नोटिस लागली. प्रिन्सिपॉलसाहेबांकडून नव्या पोरांना शुक्रवारी दुपारी दावत. खाली वॉर्डनसाहेबांची पुरवणी होती: हॉस्टेलात बाहेरची पोरं घुसून राहतात अशी तक्रार आहे, तेव्हा दावतीत एकेकाचं नाव पुकारलं जाईल, पूर्ण लिबासात जो हजर नसेल त्याची हॉस्टेलातली जागा गेली.

मी आणि खंडूनं नोटिस दोनदा वाचून काढली.

"एकाच वक्ताला दोघं," खंडू म्हणाला.

"देव दोन्ही गावांत एकदम कसा असंल रं?"

"मला इचारू नको. माझं डोकं बंद पडलंय."

दुसऱ्या कुणाची शेरवानी मागावी, तर त्या दिवशी ज्याची त्याच्या अंगात. करीमभाई वाढप बघणार होते, म्हणून तेही शेरवानीतच. शेवटी त्यांनीच तोड काढली. "तुम पहले जाओ. झुककू सलाम करो, नाम बोलो, हाज़िरी लगी के हाथ धोने का बहाना करको पीछे निकल जाओ. पीछे बावर्चीखाना है. वहाँ शेरवानी इसकू देओ. ये सामने से आताय. बस." मग त्यांनी मला घास केवढा घ्यायचा, नळी चोखायची नाही, आणि कुणी आग्रह केला तर आधी नको म्हणायचं, हेही सांगितलं. मी सगळं पाठ केलं.

शुक्रवारी मी आत गेलो. लांबलचक दस्तरखान अंथरलेलं, दोन्ही बाजूंना पोरं. झुकून सलाम केला, नाव सांगितलं, वॉर्डनसाहेबांनी खूण केली. इथवर सगळं बेतानुसार झालं. मी हात धुण्याचं निमित्त काढणार, तेवढ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, "कहाँ के हो बेटा?"

"जी, अणदूर. नळदुर्ग के पास."

"नळदुर्ग!" साहेबांचा चेहरा खुलला. तरुणपणी ते तिथला किल्ला बघून आले होते. "आओ, इधर बैठो. हमारे पास."

आणि मला हाताला धरून त्यांनी शेजारी बसवलं. बिर्याणी वाढली. किल्ल्यातनं पाणी कसं कोसळतं ते मलाच सांगू लागले. मी "जी हाँ, जी हाँ" म्हणत होतो आणि कान नावांकडं. एकेक नाव पुढं सरकत होतं. साहेबांनी माझ्या ताटात आणखी वाढलं. मी करीमभाईंनी शिकवल्याप्रमाणं नको म्हणालो. त्यांनी आणखी वाढलं. तिकडं बावर्चीखान्यामागं नुसत्या सदऱ्यात उभा राहून खंडू माझ्या नावानं काय काय म्हणत असेल, या विचारानं मला घाम फुटला, आणि घाम फुटला तशी शेरवानीतली हळद ओली होऊन गळ्यापाशी पिवळी रेघ उमटली. साहेबांनी ती पाहिली. "ये क्या, बेटा? शादी है क्या?"

"जी हाँ," मी म्हणालो. (सवय.)

त्याच वेळी वॉर्डनसाहेबांनी खंडूचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. "आखरी बार पुकार रहा हूँ," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मी ताडकन उभा राहिलो. "हाथ धोने हैं," एवढंच बोललो आणि ताटात निम्मी बिर्याणी सोडून मागच्या दारानं पळालो.

खंडू दातओठ खातच उभा होता. "कुटं मेला हुतास?"

"काढतोय, काढतोय!" मी भराभर गुंड्या सोडल्या. आत माझ्या अंगात फाटकी बंडी. शेरवानी त्याच्या हातात कोंबली. "पळ. नाव पुकारलंय तुझं."

खंडूनं एक बाही घातली आणि थांबला.

"अरं पळ की!"

"थांब. भंडारा ऱ्हायला."

"खंड्या, जागा चालली आपली!"

"म्हणूनच की. आजच चुकवून कसं चालंल?" आणि त्यानं पुरचुंडीच काढली. एरवी चिमूट असायची. आज प्रसंग मोठा, म्हणून त्यानं पुरी मूठ भरली, डोळे मिटले, 'येळकोट येळकोट' म्हणून वर उधळली, आणि त्याच क्षणी, 'लड़का भाग क्यों गया' ते बघायला, प्रिन्सिपॉलसाहेब दारातनं बाहेर आले.

साहेबांची शेरवानी दुधासारखी पांढरी होती. दाढीही पांढरी होती. दोन्ही पांढऱ्या 'होत्या', असंच आता म्हणावं लागेल.

मागनं वॉर्डनसाहेब आले. करीमभाई आले. मी बंडीत, खंडू एका बाहीत, आणि मधे साहेब पिवळेधमक.

"ये क्या माजरा है?" साहेबांनी विचारलं. आवाज शांत होता, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

मग मी सांगत सुटलो. देव एक, देवळं दोन, कापड एक, पोरं दोन, आबा, आत्या, महबूबचाचा, भंडारा. मधेच उर्दू संपली तेव्हा मराठीत सांगितलं. करीमभाई जमेल तसं उर्दूत करून देत होते आणि रुमालात तोंड लपवत होते.

"कायदा कायदा है, जनाब," वॉर्डनसाहेब म्हणाले. "शेरवानी एक है, तो लड़का भी एक."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी दाढी झटकली. "ठीक. फिर तुम ही बोलो, कौन रहेगा?"

माझ्या डोळ्यांपुढं मेंढरं उभी राहिली, सगळी माझ्याकडंच बघत असलेली. आणि तेवढ्यात खंडू पुढं झाला. बाही काढून शेरवानी माझ्या हातात देत म्हणाला, "साहेब, याला ठेवा. मला निदान मेंढरं राखता येत्यात. याला तेबी येत न्हाय."

शेरवानीच्या मिनिटामिनिटासाठी रोज भांडणारा हा पोरगा! मला फार म्हणजे फारच वाईट वाटलं. 'नको, खंडूलाच ठेवा,' असं मी म्हणणारच होतो. पण घशात बिर्याणीचा घास अडकला होता, आणि तो गिळेपर्यंत साहेब मोठमोठ्यानं हसायला लागले होते. (मी ते म्हणणार होतो, यावर खंडूचा आजतागायत विश्वास नाही.)

"दोनों रहेंगे," साहेब डोळे पुसत म्हणाले. "वॉर्डनसाब, दोनों की हाज़िरी लिखिए. जब तक दूसरी शेरवानी का इंतज़ाम नहीं होता, ऐसे ही चलने दीजिए. मगर ये हल्दी…" त्यांनी आपल्या दाढीकडं पाहिलं, "ये कम करो, बेटा. और बाकी दावत अब इसकी. चलो, तुम आओ अंदर."

आणि शेरवानी परत अंगात चढवून, पुढचा घोळ उचलून खंडू साहेबांशेजारी बसायला आत गेला. जाताना माझ्याकडं बघून हसला. मला इतका आनंद झाला होता की मी बावर्चीखान्याच्या भिंतीला टेकून खालीच बसलो. जागा राहिली. दोघांची राहिली.

पण आनंदाला फार वेळ मिळाला नाही. मुख्य बावर्ची बाहेर आला, फाटक्या बंडीतला, हळदीनं माखलेला रिकामा माणूस बघितला आणि म्हणाला, "ए! बैठा क्या है? देग उठा."

मी कॉलेजचा विद्यार्थी आहे हे सांगावं, तर अंगावर पुरावा काय? मी बिर्याणीची ती भलीमोठी देग उचलली. मग दुसरी उचलली. मग ताटं गोळा केली. मग हातात झारी आणि चिलमची (म्हणजे हात धुवायचं तस्त) देऊन त्यानं मला पाहुण्यांचे हात धुवायला आत पिटाळलं. खाली मान घालून मी रांगेनं पाणी घालत गेलो, आणि खंडूपाशी आलो तर त्यानं करीमभाईंनी शिकवल्याप्रमाणं बोटांची टोकं भिजवली आणि साहेबांसमोर मला म्हणाला, "शुक्रिया, मियाँ."

सगळं आवरल्यावर बावर्चीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "अच्छा हाथ है तेरा. कभी काम नहीं मिला तो मेरे पास आ जाना. जगह पक्की."

पहिल्या वर्षात मला मिळालेली शाबासकी एवढीच. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी खंडू पास झाल्याच्या आनंदानं गावाकडच्या मोटारीची तिकिटं काढायला गेला, आणि मी आधी बावर्चीखान्यात जाऊन विचारून आलो, ती जागा अजून पक्की आहे ना.