टीव्हीसमोरचं औक्षण

माझ्या वडिलांचा डावा पाय राजाच्या माणसानं बंदुकीच्या दस्त्यानं मोडला.

आमचं गाव तेव्हा एका लहानशा संस्थानात होतं. राजा शिकारीला आला की गावातल्या पुरुषांना हाक्याला जावं लागे. डबे बडवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर राजाच्या मचाणाकडं हाकलायचं. मजुरी नाही, आणि नाही म्हणायची सोयही नाही. वडील सोळा वर्षांचे होते. डुक्कर अंगावर आलं तेव्हा ते रांग सोडून पळाले आणि त्या फटीतून डुक्कर निसटलं. शिकारखान्याच्या कारभाऱ्यानं त्यांना आडवं पाडून नडगीवर दस्ता हाणला, हाड वाजेपर्यंत हाणला. राजा वरून बघत होता. शेवटी म्हणाला, "पुरे." दुसऱ्या दिवशी त्यानं घरी एक नारळ पाठवला. आजोबांनी तो नारळ डोळ्यांना लावला. त्यानंतर वडील आजोबांशी कधी नीट बोलले नाहीत.

पुढं संस्थान गेलं. राजा एका दिवसात आमच्यासारखा झाला आणि गावात कुणाची चूल थांबली नाही. मी सात-आठ वर्षांची असताना तोच राजा जीपमधून मतं मागायला आला. थकला होता, हात जोडले होते. वडील लंगडत शाळेत गेले, मत देऊन आले आणि बोटाची शाई मला दाखवली.

"कुणाला दिलं?"

"त्यालाच."

मी रडायला लागले. मला त्यांचा तो वाकडा पाय दिसत होता. ते म्हणाले, "रडतीस काय? यावेळी तो विचारायला आला होता. पाच वर्षांनी परत येईल. नाही पटला तर नाही द्यायचं."

चौथीनंतर माझी शाळा सुटली. राजा आणि राज्य यांबद्दल मी जे काही शिकले ते एवढंच.

लग्न होऊन गेले ते त्याच राजाच्या चोपदाराच्या घरात. ह्यांचे आजोबा चांदीची काठी घेऊन राजाच्या पुढं चालायचे. ती काठी कधीच विकली गेली होती, पण तिचा तोरा घरात होता. हे आधीच मामांकडे लंडनला येऊन बस चालवायला लागले होते. मी बावीस वर्षांची असताना लंडनच्या इल्फर्ड भागातल्या ह्या घरात आले. हॉलमध्ये भिंतीवर राणीच्या चित्राची थाळी होती आणि थाळीखाली ह्यांची खुर्ची. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही.

पहिल्याच ख्रिसमसला दुपारी तीन वाजता टीव्हीवर राणीचं भाषण होतं. ह्यांनी मला चांगली साडी नेसायला लावली. राष्ट्रगीत सुरू झालं, हे ताठ उभे राहिले, मीही राहिले. तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला. मी पळत जाऊन गॅस बंद केला, वळले तर हे मागेच उभे. कानाखाली असा आवाज निघाला की मला वाटलं पातेलं पडलं. "गाणं संपेपर्यंत हलायचं नसतं," हे म्हणाले. त्या उजव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं.

डॉक्टरनं विचारलं तेव्हा ह्यांनी शिकवलेला शब्द मी म्हटला, "स्टेअर्स." माझं इंग्रजी तिथून सुरू झालं. मग डोअर शिकले, कबर्ड शिकले. बरगडी मोडली तेव्हा स्टेअर्स, दात पडला तेव्हा डोअर. एकदा मनगटाला प्लास्टर घालून घरी येताना हे बसमध्ये म्हणाले, "बघ, किती छान बोलतेस आता." आणि मला बरं वाटलं. ते आठवलं की आज स्वतःचीच चीड येते.

खोटं कशाला सांगू, राणी मला आवडायची. हातात पर्स धरून गप्प उभी राहायची आणि कुणी तिला काही विचारायचं नाही. मला वाटायचं, हिचं आणि माझं बरं जमेल.

लग्नानंतर तेरा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, एकुलती एक. ती इथंच शिकली, मराठी मोडकंतोडकं बोलते, आता शाळेत शिकवते. तिच्या अंगाला ह्यांनी कधी हात लावला नव्हता. तिच्या वाटचं मी घ्यायचे. तिला ते कळत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

राणी गेली, तिचा मुलगा राजा झाला आणि घरात रोज जेवताना भांडण सुरू झालं.

"बाबा, तो फक्त जन्मला. मी पण जन्मले. त्यात काय स्पेशल केला त्याने?"

"निवडून आलेले कोणते दिवे लावतात? खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढतात. राजाला कुणापुढं हात पसरायचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा असतो."

"सगळ्यांचा कसा? मला कोणी विचारला नाही. आणि आवडला नाही तर काढता येतो का? नाही ना?"

"बाप काढता येतो का?"

ती माझ्याकडे वळली. "आई, तुझं मत काय? राजा हवा की नको?"

"मला काय कळतंय. भाजी घे."

हे खो खो हसायचे. "विचार, विचार! चौथी पास पार्लमेंट आहे आपली!"

मी वाढत राहायचे. वडिलांचा पाय मला तेव्हाही आठवायचा. जिभेवर यायचं आणि मी गिळायचे.

नव्या राजाला मुकुट घालायचा तो शनिवार. मुलगी सकाळीच पिवळा टी-शर्ट घालून, राजा नको म्हणणाऱ्या लोकांत उभी राहायला गेली. ह्यांना तिनं मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं आपल्या दारापासून आमच्या कुंपणापर्यंत झेंड्यांच्या माळा लावल्या होत्या. ह्यांनी कोट घातला, टीव्हीखाली पाट ठेवून मला रांगोळी काढायला लावली. "राजा बग्गीतून निघाला की ओवाळायचं. आपल्यात राजाला ओवाळतात." मी तबक तयार केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता.

बग्गी दिसली. मी काचेवर राजाच्या कपाळाला कुंकू लावलं. चित्र हललं आणि कुंकू एका घोड्याच्या पाठीवर गेलं. मला हसू आलं, पण ह्यांच्याकडे बघून दाबलं. तबक उचलून ओवाळायला लागले. तेवढ्यात कॅमेरा गर्दीवर फिरला. पिवळ्या कपड्यांतली माणसं ओरडत होती आणि त्यांच्यात पहिल्या रांगेत माझी मुलगी.

माझा हात थांबला नाही. मी तिलाच ओवाळलं, एक फेरा पुरा केला, अक्षता टाकल्या.

ह्यांनीही तिला पाहिलं होतं. माझ्या हातातलं तबक काढून व्यवस्थित खाली ठेवलं, माझी वेणी मुठीत धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. थाळी वर हलली. "कुणाला ओवाळलंस?" दुसऱ्यांदा आपटलं. "सांग, कुणाला?" मी सांगितलं नाही. मग म्हणाले, "येऊ दे तिला. संध्याकाळच्या बातम्यांत मुकुट घालताना परत दाखवतील. तिनं राजाला ओवाळायचं. नाही ओवाळलं तर तिनं बॅग भरायची. या घरात तिला जागा नाही."

तिला फोन करून येऊ नको म्हणायला हवं होतं. मी फरशीवरच्या अक्षता गोळा करत बसले.

ती पाचच्या सुमारास आली. ओठ फाटला होता. "एक आजोबांनी झेंड्याच्या काठीने मारलं," ती मला म्हणाली, "नंतर सॉरी पण म्हणाले." हसायला गेली आणि तिला माझं कपाळ दिसलं. तिचं हसू तिथंच थांबलं.

हे टीव्हीजवळ उभे होते. निरांजन पुन्हा लावलेलं होतं. "ओवाळ."

"नाही."

"ओवाळ, नाहीतर चालती हो."

"नाही ओवाळणार आणि जाणार पण नाही. हा माझा पण घर आहे, बाबा. आईचा पण आहे. आम्हाला कधी विचारला तुम्ही?"

ह्यांनी तिचे केस धरले, ज्या हातानं माझे धरायचे त्याच हातानं. तिचं तोंड टीव्हीकडे वळवलं, दुसऱ्या हातानं तबक तिच्या हातात कोंबायला लागले. तिनं झटका दिला. ह्यांनी तबक उचलून तिच्या तोंडावर मारलं. काठ भुवईवर बसला, रक्त डोळ्यात उतरलं, निरांजनातलं तूप मानेवर सांडलं आणि वात टी-शर्टला चिकटली. ते पातळ कापड क्षणात पेटलं. ह्यांनी तिचे केस सोडले नाहीत. पेटलेलं दिसत होतं तरी सोडले नाहीत.

मी ह्यांच्या मनगटाला चावले. हाड दाताला लागेपर्यंत चावले. हे ओरडले, माझ्या पोटात गुडघा मारला, मी सोडलं नाही. मूठ उघडली तेव्हा मी तिच्या अंगावर पडले आणि साडीनं, तळहातांनी ती आग दाबली. कापडाचा आणि कातडीचा वास एकच येत होता. मागून हे माझ्या कमरेत लाथा घालत होते. मुलगी ओरडत होती, "आई, दार! दार उघड!"

दार उघडलं तर म्हातारी झेंड्यांच्या माळेखाली उभी. आरडाओरडा ऐकून आली होती. तिनं आत बघितलं, ह्यांच्याकडे बोट दाखवून इतकंच म्हणाली, "तू तिथंच थांब." आणि हे खरंच थांबले. हातात ओला टॉवेल घेऊन आम्ही तिच्या गाडीत बसलो. गाडीच्या दोन्ही खिडक्यांना झेंडे लावलेले होते आणि ते सारखे फडफडत होते.

मुलीच्या मानेवरचा टॉवेल मी धरला होता. म्हातारीनं आरशातून तिचा जळका पिवळा टी-शर्ट बघितला.

"तू त्यांच्यातली होय? राजा चांगला माणूस आहे गं, पोरी."

"असेल," मुलगी दात आवळून म्हणाली. "चांगला असेल तर निवडणुकीला उभा राहू दे."

"मी देईन त्याला मत."

"द्या ना. मला चालेल."

दोघी इंग्रजीत बोलत होत्या, पण मला सगळं समजलं. माझे वडील गाडीत बसल्यासारखं वाटलं.

हॉस्पिटलात नर्सनं आधी मुलीला घेतलं. कसं झालं, तिनं विचारलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "स्टेअर्स. पूजेचा दिवा घेऊन येत होते, पडले."

भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. घरात राहून ती आपोआप शिकली होती.

नर्स लिहायला लागली. मी तिच्या पेनावर हात ठेवला. माझ्या तळहातावरचे फोड तिच्या बोटांना लागले असतील. मला परक्या माणसापुढं बोलता येत नाही, घाम फुटतो. पण मी म्हटलं, "नो स्टेअर्स. हजबंड." तिला नीट कळावं म्हणून परत म्हटलं, "माय हजबंड. ऑल टाइम."

मुलगी रडायला लागली. त्यांनी फोनवर मराठी बोलणारी एक बाई आणली. मी बोलायचे, ती इंग्रजीत सांगायची, नर्स लिहायची. कान, बरगडी, दात, मनगट. मी थांबले की ती बाई म्हणायची, "बोला ताई, घाई नाही."

पोलीस त्याच दिवशी ह्यांना घेऊन गेले. पुढं कोर्टानं घरी यायला मनाई केली आणि हे ब्रिस्टलला पुतण्याकडे राहायला गेले. मुलीच्या मानेवर डाग राहिला आहे. माझ्या तळहाताची कातडी ताणलेली आहे, पोळी लाटताना दुखते. थाळी मी काढली नाही, राणीनं माझं काही बिघडवलेलं नाही. खुर्चीत मात्र आता मुलगी बसते, वह्या तपासते.

मनाई उठली त्यानंतरच्या ख्रिसमसला, तीनला दोन मिनिटं कमी असताना, फोन वाजला. मुलीनं स्पीकर लावला.

"शनिवारी येतोय," हे म्हणाले. "चावी कुंडीखाली ठेव."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. जेवताना बघायची तशीच.

"ऐकलंस का? की कान गेला?"

"ऐकलं," मी म्हटलं. "येतोय म्हणू नका. येऊ का, असं विचारा. मग आम्ही दोघी ठरवू. नाही म्हटलं तर नाही."

"तू ठरवणार? चौथी पास?"

"हो."

पलीकडून फोन बंद झाला. ह्यांनी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

मुलगी म्हणाली, "आई, हे तुझं मत होतं?"

"कशाबद्दल?"

"राजाबद्दल."

"होय," मी म्हटलं. "विचारायला आला, तर बघू."

टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. आत दूध ठेवलं होतं. मी उठले आणि दूध बघायला गेले.