दुसऱ्या कंसातला आकडा

माझ्या भांडणाचं मूळ एका शब्दात होतं आणि तो शब्द आमच्याकडचं पोर बोलायला लागल्या लागल्या वापरतं. काऊन. म्हणजे का. चंद्रपूरच्या कॉलेजात संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला असताना या शब्दापायी माझं वर्ष जायची पाळी आली होती.

त्या वर्षी सी भाषा शिकवायला नवे सर आले, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, असं आज म्हणते; तेव्हा मेले असते तरी म्हटलं नसतं. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, दोघीतिघींत एक मशीन, आणि वीजकेंद्र उशाला असूनही लाईट जायची ती जायचीच. मग सर अंधुक उजेडात फळ्यावर प्रोग्राम लिहीत.

त्या दिवशीचा विषय होता, दोन मितींचा अ‍ॅरे फंक्शनला कसा द्यायचा. अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची चौकट, आडव्या ओळी आणि उभे रकाने. फंक्शन म्हणजे कामाला लावलेला वेगळा गडी. चौकट त्याच्या हवाली करायची, तो बेरीज करून देतो. त्यासाठी फंक्शनच्या व्याख्येत चौकटीच्या नावापुढे दोन कंस लिहायचे. पहिला रिकामा ठेवला तरी चालतं. दुसरा रिकामा ठेवला की कंपायलर बोंब मारतो, त्यात रकाने किती ते लिहावंच लागतं. सरांनी एवढं सांगितलं आणि म्हणाले, "हे असंच लिहायचं. पाठ करून टाका."

पाठांतराला मी कधी भ्यायले नाही. पण दोन्ही कंस दिसायला सारखे, मग एकाला सूट आणि दुसऱ्याला सक्ती, हे काही माझ्या गळी उतरेना. मी उभी राहिले.

"सर, दुसऱ्या कंसात आकडा काऊन?"

सर खूश झाले. "करेक्ट! काउंट. कॉलम काउंट."

"काउंट नाई सर. काऊन?"

"तेच म्हणतोय मी. काउंट."

"सर, काऊन!"

"हो, काउंट!"

अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. माझ्या शेजारची पोरगी तर बाकावर डोकं टेकून हसत होती. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, मी त्यांच्या उच्चाराची नक्कल करून पोरांना हसवते आहे. खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी मला बाहेर घालवलं होतं. नंतर शब्दाचा अर्थ त्यांना कुणीतरी सांगितलाच, पण तोवर ते हट्टाला पेटले होते. वर्गासमोर माफी माग, नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही, असा त्यांनी निरोप दिला.

माफी कसली मागायची? प्रश्न विचारला म्हणून? मी नाही मागितली. लॅबला मात्र रोज जायची. मला मशीन मिळत नसे, मग मी शेजारणीच्या पाठीमागे उभी राहून तिच्या खांद्यावरून पडदा वाचायची. बाबांनी हॉस्टेलला धाडताना साफ सांगितलं होतं, एक जरी विषय राहिला तरी पेटी घेऊन घरी यायचं. घरी आले की पुढे काय होतं, ते आमच्या गावातल्या सगळ्या पोरींना ठाऊक होतं.

संक्रांतीला राजुऱ्याकडच्या आमच्या गावी गेले. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. आईबरोबर कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती सरांना चार शिव्या हासडेल.

"मांगून टाक ना माफी," आई म्हणाली. "तुह्या शिक्षणाचा सवाल हाय."

"तू मांगली होती का?" मी फाडकन म्हटलं.

आईचा हात बोंडावर थांबला. मी कशाबद्दल बोलते आहे ते तिला बरोबर कळलं. आई धानोऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. तिकडे बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, चारही बाजूंनी मातीचा बांध असतो. माणूस रोवत रोवत बांधाला टेकला की आपोआप वळतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी इकडे ती सरकी टोबायला, म्हणजे कपाशीचं एकेक बी मातीत खोचायला, उतरली. आमचं आणि काकांचं शेत लागून, मध्ये धुरा, म्हणजे बांध, नाही, आणि दोन्ही शेतांत एकदमच दोरीनं बी टाकायच्या जागेच्या फुल्या पाडलेल्या. आजीनं तिला पहिली फुली दाखवली आणि सांगितलं, इथून टोबत जा. आई टोबत गेली ती थेट काकांच्या शेतात, आमची सगळी सरकी घेऊन. तिला काकांची माफी मागायला लावलं. नवी सून, डोक्यावर पदर, पण तिनं मागितली नाही. उलट आजीलाच म्हणाली, "सुरुवात दाखोली, पण वळाचं कुठी थे कोनी सांगतलं?" घरात यावरून तिची आजही थट्टा होते.

मी ओटीसकट तिथंच उभी राहिले. वळाचं कुठी!

संगणकाच्या पोटात चौकट नसतेच. सगळे आकडे एका लांबच लांब रांगेत एकामागून एक टोबलेले असतात. फंक्शनला मिळते ती फक्त पहिली फुली. तिसऱ्या तासातला, म्हणजे तिसऱ्या आडव्या ओळीतला, आकडा काढायचा तर आधीचे दोन तास ओलांडावे लागतात, आणि एका तासात फुल्या किती हे माहीत नसेल तर ओलांडणार कसं? तास एकूण किती आहेत, हे जागा शोधायला लागतच नाही. म्हणून पहिल्या कंसाला सूट आणि दुसऱ्याला सक्ती.

"काऊन हासून राह्यली?" आईनं विचारलं.

"तुलेच बरोबर समजलं होतं," मी म्हटलं. मग तिनं माफीचं नाव काढलं नाही.

परत आल्यावर मी भर वर्गात सरांसमोर गेले. "सर, माफी नाई मांगत. उत्तर घेऊन आली." त्यांनी अडवायच्या आत फळ्यावर शेत काढलं, तास काढले, फुल्या मारल्या, आणि माझ्याच भाषेत सगळं समजावलं. यावेळी कुणी हसलं नाही. सरांनी फळ्यावरच्या फुल्या बोटानं मोजल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मुद्दा उत्तराचा नाही, शिस्तीचा आहे."

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी चपला बाहेर काढल्या आणि सरळ एका मशीनसमोर जाऊन बसले. बाहेरून आलेले परीक्षक चिठ्ठ्या वाटत होते. सर त्यांना म्हणाले, हिला परवानगी नाही, आणि मला म्हणाले, ऊठ. मी म्हटलं, "मी नाई उठत." आणि कीबोर्ड पुढे ओढला. परीक्षकांनी विचारलं, काय भानगड आहे? मग शेजारची तीच पोरगी उभी राहिली. "सर, हासलो आमी होतो. हिनं फक्त प्रश्न इचारला." मागून आणखी दोघी उभ्या राहिल्या.

सरांनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी प्रोग्राम लिहिला, चालवला, पास झाले.

मी बाहेर चपला घालत होते, तेव्हा सर दारात आले. आवाज चढलेला नव्हता. "दोन शब्द म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"माह्यं काई नाई बिघडलं असतं, सर," मी म्हटलं. "पन माह्या मागून येनाऱ्या पोरीनं 'काऊन' इचाराले तोंडच उघडलं नसतं."