जात्याचा आवाज काढला तेव्हा

माझी बायको गेली, त्याला अजून वर्ष व्हायचंय. तिचे फोटो दोन भिंतींवर आहेत. आवाज मात्र एकाच ठिकाणी आहे, असं मी धरून होतो. धाकट्या लेकीच्या लग्नात हळद दळताना तिनं जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या सुनेनं मोबाईलात भरून घेतल्या आणि मग कॉम्प्युटरात टाकल्या.

शिनोलीत आमच्या घरातच सून लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवते. मी चौथी शिकलेला माणूस. त्या मशिनीतलं मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची भीती वाटते.

परवा दुपारी तिनं हाक मारली. "मामा, आत या की. गंमत दावते."

स्क्रीनवर आमच्या मळ्याचा फोटो असतो. त्यावर तिनं रंगीत पट्ट्या उभ्या केल्या होत्या. गाणं लावलं की पट्ट्या वरखाली व्हायच्या, ढोल वाजला की एकदम उसळायच्या.

"हे कशाला गं?"

"दिवसभर याच्याम्होरं बसते मी. तुमाला पारावर करमणूक हाय, मला नको व्हय?"

"पारावर कुणी नाचत न्हाई."

"तुमी नाचून बघा, गाव गोळा हुईल."

मला हसू आलं. मग ती म्हणाली, "आता आत्याबाईंच्या ओव्या लावते," आणि माझं हसू गेलं.

बायकोचा आवाज आला. पट्ट्या उठल्या. ओवी सरली की जात्यात मूठभर हळकुंडं टाकायला ती थांबायची. ती थांबली आणि साऱ्या पट्ट्या खाली पडल्या. सपाट रेघ. दवाखान्यात तिच्या खाटेशेजारच्या मशिनीवर मी अशीच रेघ बघितली होती. पुन्हा ओवी, पुन्हा रेघ.

"बंद कर. जातं कुठं गेलं?"

"ती घरघर व्हय? काढली मी. तिच्यापायी पट्ट्या नीट नाचत नव्हत्या. आता बघा ना, आवाज कसा स्वच्छ आलाय."

"परत घाल."

तिचा माऊसवरचा हात थांबला. "मामा, मी त्याच्यावरच सेव्ह केलंय. पहिलं गेलं."

"मोबाईलात आसंल."

"तो मोबाईल बिघडला न्हाई का? बदलला आपण."

"तुला कुणी सांगितलं व्हतं धुवायला? भांडं हाय का ते?"

ती रडायला लागली. मी तिला उगी केलं नाही. घरघर गेली, तिच्याबरोबर बांगड्यांचा आवाजही गेला होता. ओव्या राहिल्या होत्या, पण जातं फिरवणारा हात राहिला नव्हता.

डोळे पुसून तिनं धाकट्या लेकीला फोन लावला. लेक आणे गावी दिली आहे. फोन लागेना. मी दारापर्यंत जायचो, परत यायचो. शेवटी लागला.

"वन्सं, लग्नातल्या ओव्या मी तुमाला धाडल्या व्हत्या. हायेत का?"

"बघते गं. मोबाईल भरला म्हणून परवाच लई काय काय पुसलंय."

मी खाली बसलो. तंबाखूची डबी काढली, पण ती उघडायचं सुचेना. सून फोन कानाला लावून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत नव्हतो.

मग लेकीचा आवाज पुन्हा आला. "हायेत वैनी. आईचं कसं पुसीन मी? येडी का काय तुमी?"

तिनं धाडलं. सुनेनं लावलं. ओवी सरली, ती थांबली. या वेळी पट्ट्या पडल्या नाहीत. अगदी तळाशी बारीक बारीक हलत राहिल्या, कारण मूठ टाकतानाही तिचा दुसरा हात जातं फिरवत होता.

"पट्ट्या काढून टाकू का, मामा?" सुनेनं हळूच विचारलं.

"राहू दे. फक्त यातलं काय साफ करू नको."

"न्हाई करत."

तिच्यावर माझा विश्वास आहे. तरीही ती कॉम्प्युटर चालू करते, तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत जाऊन बसतो.