वरच्या खोलीची जामिनकी

लग्नानंतर बरीच वर्षं मी मालवण बंदरावर एका कौलांच्या वखारीत कारकून होतो. मलबाराकडून कौलं भरून गलबतं यायची, ती उतरवून घ्यायची, मोजणी लिहायची, एवढंच काम. एका वर्षी दिवाळीनंतर समुद्रात मोठं वादळ झालं. आमच्याकडे यायची काही गलबतं कारवारला आसऱ्याला थांबली आणि वारा पडल्यावर एकेक करून आली. एक मात्र आलं नाही.

त्याच सुमाराला एक म्हातारा वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पाय घाटातल्या लाल मातीने माखलेले. आंबोलीकडचा होता. त्याचा मुलगा त्या न आलेल्या गलबतावर खलाशी होता. त्यांच्या घरातून समुद्रावर गेलेला तो पहिलाच. भातझोडणीला येतो म्हणाला होता, तो आला नाही म्हणून बाप खाली उतरला होता.

"येतला मां वो गलबत?" त्याने मला विचारलं.

"वाट बघूया," मी म्हणालो. तेव्हा मलाही दुसरं काही ठाऊक नव्हतं.

त्याला घरी न्यावं असं मनात आलं, पण माझं बिऱ्हाड एका खोलीचं, त्यात बायको नुकतीच बाळंत झालेली. बंदराजवळ एक खानावळ होती, माडीवर उतारूंसाठी दोन खोल्या. मी त्याला तिथे घेऊन गेलो. खानावळवाल्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तुमी सांगतास म्हणान ठेवतंय. पण चिठी लिवन दिया. उद्या पैशे कोणाकडे मागू मी?"

मी तिथेच गल्ल्यापाशी उभं राहून लिहून दिलं, की या गृहस्थांच्या राहण्याजेवणाचा खर्च माझ्याकडून घ्यावा. खाली सही केली. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, पण कागद कशाचा ते त्याला कळलं. त्याने माझ्या हाताला नुसता हात लावला.

माडीवरच्या खोलीला समुद्राकडे खिडकी होती. तो दिवसभर तिथे बसायचा. शीड दिसलं की खाली उतरून धक्क्यावर यायचा, गलबत ओळखीचं नाही हे कोणीतरी सांगायचं, आणि तो परत जिना चढायचा. मी वखार बंद झाल्यावर त्याच्याकडे डोकावत असे. बहुतेक वेळा ताट तसंच असे. कालवणाला हात लावलेला नसायचा, नुसता भात थोडा चिवडलेला.

मग कारवारहून आलेल्या एका गलबताच्या तांडेलाने आमच्या शेटना खबर दिली. न आलेलं ते गलबत त्याने समुद्रात उलटलेलं पाहिलं होतं. जवळ गेले तेव्हा वर कोणी नव्हतं. शेट मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला घरी धाडा. रोज धक्क्यावर उभा राहतो, बाकीचे खलाशी बिचकतात." खानावळवाल्यानेही त्याच संध्याकाळी विचारलं, "पुढचे दिवस धरू काय तुमच्या नावावर?" नाही म्हणायचं तर आधी म्हाताऱ्याला कारण सांगावं लागणार होतं. मी हो म्हणालो आणि जिना चढलो.

कसं बोलायचं याची मनाशी जुळवाजुळव करत मी त्याच्यासमोर बसलो. तोच म्हणाला, "माका म्हायत आसा, बाबा. त्या तांडेलान माका धक्क्यारच सांगल्यान."

"मग इथे कशाला बसलात?"

"मी घराक गेलंय काय तो मेलो," तो म्हणाला. "मी हंय आसंय तवसर त्येच्या आवशीसाठी तो जिवंत आसा." मुलाची आई घरी अजून वाट बघत होती.

मी खाली आलो आणि खानावळवाल्याला काहीच सांगितलं नाही. खोली तशीच चालू राहिली. घरी बायकोला मात्र सांगितलं. ती बाळाला पाजत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्येंची सोय तुमी केलास. पण ती आवस थंय एकटी वाट बघता, तिचा काय?"

दुसऱ्या दिवशी मी शेटकडून रजा घेतली. म्हाताऱ्याला म्हणालो, "चला, मी येतो तुमच्याबरोबर." त्याने वाद घातला नाही. कदाचित कोणीतरी असं म्हणावं याचीच तो वाट बघत असेल. सावंतवाडीला गाडी बदलली. घाट चढताना त्याने डोळे मिटून घेतले होते.

घर रस्त्यापासून आत, उतारावर होतं. अंगणात त्याची बायको सुपाने भात पाखडत होती. आम्ही दोघे येताना दिसलो तरी तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हातारा अंगणाच्या कडेला थांबला. मीच तोंड उघडणार होतो, एवढ्यात ती म्हणाली,

"इतके दिस खंय होतास तुमी?"

त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"थांब्यावरच्या चायवाल्यान माका कदीच सांगल्यान. वेंगुर्ल्यासून इलेल्या गाडयेत लोक बोलत होते. माझो झील गेलो, आणि ह्या घरात मी एकटी रडत होतंय. तुमी खंय होतास?"

तिचा आवाज चढला नव्हता. म्हातारा तिथेच मातीत बसला. घोंगडी खांद्यावरून घसरली तीही त्याने उचलली नाही. तिने मला पाय धुवायला पाणी आणून दिलं, पाटावर बसवून पेज वाढली, मी कोण ते एका शब्दाने विचारलं नाही. नवऱ्यासाठी ताट मांडलं, पण त्याला हाक मारली नाही. मी दुपारच्या गाडीने निघालो तेव्हा तो अजून बाहेरच होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या गावचा एक माणूस कौलं न्यायला वखारीत आला होता. मी त्या दोघांची चौकशी केली. म्हातारा वारला होता. शेवटपर्यंत त्याचं सगळं तिनेच केलं, तो गाववाला म्हणाला, अंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत. पण त्याच्याशी बोलताना तिला कोणी ऐकलं नाही.