घरतशेठचे चोवीस अकुशल

"मॅडम, किमान वेतन वाढलंय ते मी बघतो. तुम्ही फक्त टॅक्समधली सूट काढून द्या," असं म्हणत घरतशेठनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. काही लपवायचं असलं की त्यांच्या चहाबरोबर खारी येते. त्या दिवशी खारी होती.

मी लेबर आणि टॅक्स कन्सल्टंट आहे. ऑफिस डोंबिवलीत, क्लायंट बहुतेक ठाण्यात. घरतशेठचा वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकचा छोटा कारखाना आहे. तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. मशीन तीन, माणसं चोवीस. त्यातल्या सहा बायका गेल्या वर्षी तिसरं मशीन आलं तेव्हा नव्याने घेतलेल्या.

किमान वेतन म्हणजे सरकारने आखलेला पगाराचा तळ. त्याखाली जायचं नाही. माणूस अकुशल आहे, अर्धकुशल आहे की कुशल, त्यावर हा तळ वरखाली होतो. या वेळची वाढ जरा दणदणीत होती. शेठना हवी होती ती सूट अशी: नवीन माणसं कामावर घेतली, तर त्यांच्या पगाराच्या तीस टक्के एवढी जादा रक्कम तीन वर्षं आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. पगार वाढला की सूटही वाढते. मेहुण्याने शेठना सांगितलं होतं की सरकार तीस टक्के पगार परत देतं. कायदे बदलल्याने माझं काम वाढतं, पण क्लायंटच्या मेहुण्यांमुळे जास्त वाढतं.

मी पगाराचं रजिस्टर उघडलं. चोवीसही नावांपुढे एकच शब्द होता. अकुशल.

"सुनंदाताईही?"

"सगळे."

सुनंदाताई शहाडहून येतात. नऊ वर्षं तिथे मशीन चालवतात. झाकणं ज्या साच्यातून निघतात त्याला मोल्ड म्हणतात.

"मोल्ड कोण बदलतं?"

"तीच."

"मशीन अडलं की?"

"तिलाच हाक मारतो."

"मग अकुशल कशा?"

"सर्टिफिकेट कुठाय तिच्याकडे?"

"तुमच्याकडे कुठलं आहे, शेठ?"

शेठ हसले आणि खारीची बशी पुढे केली.

तेवढ्यात सुनंदाताईच दारात आल्या. हात पुसत म्हणाल्या, "शेठ, अंबरनाथच्या कारखान्याला आज हो की नाही सांगायचंय. ते कुशलचा रेट देतायत. मला जवळही पडतं."

"अगं सुनंदा, नऊ वर्षं घरच्यासारखी आहेस तू."

"तेच तर. घरच्यांना कोण पगार देतं? मला बाहेरची समजा."

शेठचा चेहरा उतरला. या गेल्या तर तीनही मशीनवर मोल्ड चढवणारं दुसरं कोणी नव्हतं. गुरुवारी औषध कंपनीचा ऑडिटर येणार होता. त्याने नापास केलं असतं तर ऑर्डर गेली असती.

नव्या बायकांची हजेरी बघायला मी आत मशीनकडे गेले, शेठ आणि सुनंदाताईही मागोमाग आले, तर भिंतीवर एक मोठा तक्ता. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर हा लावावाच लागतो. प्रत्येक कामगारापुढे दर कामाच्या रकान्यात एक गोल, गोलाचे चार भाग. जेवढं काम येतं तेवढे भाग रंगवायचे. चारही रंगवले म्हणजे माणूस इतका तयार की दुसऱ्याला शिकवू शकतो. इथे चोवीसही जणांचे सगळे गोल काळेकुट्ट होते. सहा नव्या बायकांचेही. मोल्ड सेटिंगच्या, म्हणजे साचा चढवण्याच्या, रकान्यात वॉचमनचासुद्धा. खाली घरतशेठची सही आणि शिक्का.

"शेठ, हे काय आहे?"

"ते कस्टमरसाठी."

"आणि रजिस्टर?"

"ते सरकारसाठी."

"या वेळी कस्टमर रजिस्टरही बघणार आहे. त्यांचं पत्र तुम्हीच मला पाठवलंत. वाचलं नाहीत?"

शेठनी तक्त्यावरचा एक गोल बोटाने पुसून पाहिला. मग म्हणाले, "ठीक आहे, उद्या सगळ्यांचा एकेकच भाग रंगवतो."

"म्हणजे औषधाची झाकणं शिकाऊ लोक बनवतात, असं सांगणार?"

"आणि सेटिंग वॉचमन करतो," मागून सुनंदाताई म्हणाल्या. दोन मशीनवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

आम्ही तिघं परत केबिनमध्ये बसलो. एकेक नाव घेऊन कोण खरोखर काय काम करतं ते लिहिलं. तीन कुशल निघाले, दहा अर्धकुशल, बाकीचे अकुशल. शेठनी घाम पुसला.

"एवढा बोजा घेतो, पण सूट किती ते आधी सांगा."

"नव्या सहा जणींचा पगार बँकेतून जातो ना? पीएफ भरता?"

शेठ पंख्याकडे बघायला लागले. "पहिलं वर्ष पाकिटात रोख देतो हो. टिकली तर पीएफ. आमच्या गल्लीत सगळे असंच करतात."

"पाकिटावर सूट नाही. पगार बँकेतून हवा आणि पीएफ हवाच. तुम्ही दोन्ही चुकवलंत, त्यात सूटही गेली."

"मेहुणा हे बोलला नाही."

"त्याची फी किती?"

"फुकट."

"बरोबर घेतली."

सुनंदाताई उठल्या नाहीत. "शेठ, माझा कागद द्या, मग अंबरनाथला फोन करते." शेठ म्हणाले, उद्या देतो. त्या म्हणाल्या, प्रिंटर तर इथेच आहे. नव्या दराचं, कुशल असं लिहिलेलं पत्र सहीशिक्क्यासकट हातात पडलं, ते त्यांनी दोनदा वाचलं आणि तिथूनच फोन लावून अंबरनाथला नकार कळवला.

तक्ता सुनंदाताईंनीच पुन्हा रंगवला. कोणाचे दोन भाग, कोणाचे तीन. वॉचमनला गेटवर परत पाठवलं. ऑडिटरने अर्धा तास रजिस्टर आणि तक्ता ताडून पाहिला आणि ऑर्डर टिकली. थकलेला पीएफ मी व्याजासकट भरायला लावला. त्या वर्षी सूट शून्य मिळाली आणि शेठनी कर पूर्ण भरला. महिनाभर ते माझ्याशी मोजकंच बोलत होते.

पुढे चौथं मशीन आलं तेव्हा पाच जणी घेतल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांची बँक पासबुकं मागवली. त्यांच्यावर सूट मिळाली. मेहुण्याने सांगितली होती तेवढी नाही, पण मिळाली.

ही सूट पगार दिल्याची आहे, पगार चुकवल्याची नाही. एवढंच समजून घ्यायला लोक मला फी देतात, आणि माझी तक्रार नाही.