मॅडमना शेवटी खरं सांगितलं

मंडळी, आज माझी नोकरी जाता जाता राहिली.

कंपनी मुंबईची. काम घरून, पण मुंबईतच राहायची अट. बाबांना पॅरालिसिस झाला तेव्हा मी तिथली खोली सोडली आणि तीन महिन्यांपासून गुपचूप रायपूरच्या आमच्या घरून काम करून राहिली आहे.

आज मीटिंगमध्ये माझा माइक चालू असतानाच बाबांनी हाक मारली, "पोरी, मले उठव ना!"

"घरी कोण आहे?" आमच्या टीमच्या मॅडमनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं.

 त्या म्हणाल्या, "आधी बाबांना उठव, आम्ही थांबतो. वर मी बोलते. तू तिथूनच काम कर."

बाबांना उठवताना मला रडूच फुटलं.

"काहून रडून राहिली?" बाबा घाबरले.

"काही नाही बाबा. आता मी इथंच आहे."

पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं मी? तुम्ही सांगितलं असतं?